रोज एक गुड्डू

मनकर्णाबाईंनी आयांच्या बैठकीत फुगडी घालायला घेतली की तेलंगणातल्या गुडीहत्नूरजवळच्या त्या मराठी वस्तीतल्या बायका पदर खोचून हसत उभ्या राहत. अंगणवाडीच्या टीचर, वीस वर्षांची नोकरी, अंगाने चांगल्या भारदस्त. पण फुगडीत कुणाला ऐकायच्या नाहीत. "लेकरायले खेळवा, तुमीबी खेळा," हे त्यांचं नेहमीचं. जीभ मात्र भलती तिखट. तेलुगूतून प्रशिक्षणं घेऊन घेऊन बोलण्यात निम्मे शब्द तिकडचे आले होते, आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या उन्हाळ्यात अंगणवाडीत अंडी येईनाशी झाली. बाईंनी लेकरांच्या आयांना बजावलं, "मंग घरून द्या. लेकराले रोज एक गुड्डू!"

तेजस्विनीची दीड वर्षाची अपूर्वा साडेसात किलोवरच अडून बसली होती. काट्यावर तिसऱ्या महिन्यातही तोच आकडा आला आणि बाईंचं डोकं फिरलं.

"आईलेच लेकराची काळजी नाही!" सगळ्यांदेखत त्या बोलून गेल्या. भाजीचा मळा सांभाळून पोर वाढवणारी ती मुलगी खाली मान घालून निघून गेली.

बाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तिच्या घरी गेल्या. तेजस्विनी लेकीला भरवत होती. वरणभात, आणि वर गुळाचा खडा.

"हे काय?"

"गुड्डू. रोज देऊन राह्यली, टीचर. एक दिवस चुकवला नाही."

पांढरकवड्याकडून लग्न होऊन आलेल्या त्या पोरीला तेलुगू येत नव्हतं. दुकानात हिंदीतून गुड मागायची सवय; गुड्डू म्हणजे त्याचाच लहानसा खडा, असं तिने धरून घेतलं होतं. गुड्डू म्हणजे अंडं, हे तिला सांगितलं होतं कुणी? बाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"विचारलं काऊन नाही मले?"

"तुमी रागावता नं."

हे बाईंना फार लागलं. पुढच्या बैठकीत त्याच बायकांसमोर हातात अंडं धरून त्या म्हणाल्या, "चूक माझी होती. हिची नाही."

महिन्याभरात अपूर्वा तीनशे ग्रॅमने वाढली. आनंदाच्या भरात बाई बैठकीत पुन्हा जोरात सुरू झाल्या, "आता आकुकूर द्यायचं, रोज..."

"टीचर," तेजस्विनी मागून मोठ्यांदा म्हणाली, "मले समजलं नाही. मराठीत सांगा."

सगळ्या बायका वळून तिच्याकडे पाहू लागल्या.

"पालेभाजी, माय," बाई म्हणाल्या. "अन् आणखी कोणाले समजलं नाही?"

एकामागून एक सात हात वर झाले.