बुडीच्या गाठी

काढेवाली बुडी, तिकडच्या बोलीत म्हातारी, आजार विचारत नसे. समोर बसलेल्याला म्हणे, "खोकून दाखव." तेवढं ऐकलं की हात मागच्या दुरडीत जाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, माणूस तिला नुसता सावलीसारखा दिसे; पण अडुळसा द्यायचा की गुळवेल, यात ती कधी चुकली नाही. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, सारा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच मोडे, आणि आरमोरीकडच्या त्या गावात मी नव्या शाळेचा एकुलता एक गुरुजी होतो.

काढाही ती कानानंच करी. मडक्यावर पळसाचं पान झाकून शेजारी बसे. मी घाई केली की म्हणे, "थांबा गुर्जी, पाणी अजून पातळ बोलून राह्यलं." आवाज जड झाला की मगच उतरवी. कडू भुईनिंबाला मी तोंड वाकडं केलं, तर न दिसताही तिला कळे. "गोड पायजे तं बाजारात जा," म्हणून आपणच हसायची.

दुरडीत पाल्याच्या पुड्या असत, पळसाच्या मुळाच्या मळकट दोरीनं बांधलेल्या. घर जाळी विणणाऱ्या ढिवरांचं. प्रत्येक पाल्याला तिनं जाळ्यातली वेगळी गाठ दिली होती आणि बोट फिरवून ती पुडी ओळखायची. हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्याच्या सुटीआधी मला सुधारणेची हुक्की आली. एकेक पुडी तिच्या हातात देऊन मी विचारलं, "यात काय?" तिनं चाचपून सांगितलं. तिला वाटलं, मास्तर नावं वहीत उतरवून घेतोय. मी मात्र दोऱ्या सोडून पाला कोऱ्या कागदात बांधत होतो, वर शाईनं वळणदार अक्षरात चिठ्ठी; शाळेतलं कुठलंही पोर तिला वाचून दाखवील. दोऱ्या चुलीत टाकल्या, दुरडी जागेवर ठेवली आणि मोठ्या ऐटीत सुटीला गावी गेलो.

परतलो तोवर पाऊस लागला होता. छप्पर गळून शाई पसरली होती. माझं अक्षर मलाच लागेना.

"वासावरून नाही ओळखता येत?"

"एका दुरडीत राहून सगळ्याईचा वास एक झाला."

"मग चाखून?"

"लेकराईच्या पोटात जाते, गुर्जी. अंदाजानं नाई देत मी." मग म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे असताना तिनं रानातून वेचलेला तो शेवटचा पाला होता. सगळा तिनं उकिरड्यावर टाकला. त्या पावसाळ्यात लोक आले, खोकले; ती ऐकायची, अचूक नाव सांगायची आणि म्हणायची, "पर माह्याजवळ नाई." हळूहळू लोक यायचे थांबले. बाजारातली चहापत्ती घरोघरी आली.

पुढच्या वर्षी माझी बदली एटापल्लीला झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा तिनं ओटीतून एक पुडी काढली. जुनीच, दोरीची. "उशाशी होती म्हणून वाचली. अडलं-नडलं तं घ्या."

"कशाची?" मी विचारलं.

तिनं माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. दोन फुगवटे आणि एक फास हाताला लागला, बाकी काही कळलं नाही.

"समजलं ना, गुर्जी?"

दोऱ्या मीच जाळल्या होत्या. लाजेनं मी "हो" म्हणालो.

वर्षभरात ती गेल्याचं कळलं. पुडी अजून माझ्या ट्रंकेत आहे. ताप अनेकदा आला, खोकलाही. दर वेळी पुडी काढतो, बोट फिरवतो आणि परत ठेवून देतो. त्या दिवशी "नाही" म्हणालो असतो, तर तिनं सांगितलं असतं.