कंगव्याचा एक दात

"हात बदललाय की अक्षर?"

बाईंचा हा प्रश्न कुठेही निघायचा. माझं जळगावात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकेचा हाताने लिहिलेला मजकूर कोणी आणून दिला आणि त्यातलं एखादं नाव मला लागलं नाही, की बाई चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेत आणि हेच विचारत. तुम्हीही पाहिलं असेल, ल दोन तऱ्हांनी लिहितात. अक्षर एकच, हात वेगळा. पण व च्या पोटात एक तिरकी रेघ ओढली की ब होतो, अक्षरच वेगळं. आपल्याला हा फरक कळतो, कारण आपल्याला वाचता येतं. बाईंचं काम अशा लिपीवर होतं, जी कोणालाच वाचता येत नाही.

सिंधू लिपी. त्या जुन्या मुद्रांवरची चिन्हं. बाई गणिताच्या शिक्षिका, त्यांचे यजमान इतिहासाचे. दोघंही एकाच शाळेत, त्यामुळे घरीही बाई त्यांना 'सर'च म्हणत. सरांनी नादाने मुद्रांचे फोटो जमवायला सुरुवात केली आणि गणिताच्या बाई त्यात ओढल्या गेल्या. कोणती चिन्हं खरोखर वेगळी आणि कोणती एकाच चिन्हाची रूपं, याचा तक्ता दोघं मिळून करत होते. सर गेल्यावर बाई तो संगणकावर करून घ्यायला माझ्याकडे येऊ लागल्या. दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा.

मी एकेक आकार काढायचे, त्या शेजारी बसून सांगायच्या. "ही माशाची शेपटी जरा मिटव. कारागीर घाईत होता बिचारा." एखादं चिन्ह कुठेच बसेना, तर म्हणायच्या, "याला शंकेत टाक." शंका नावाचं एक फोल्डरच केलं होतं. ते सतत फुगायचं. मी हसले की म्हणायच्या, "हस, हस. खोटी खात्री असण्यापेक्षा हे बरं."

फक्त एका जोडीबद्दल त्यांना शंका नव्हती. कंगव्यासारखी दोन चिन्हं होती. एकाला दुसऱ्यापेक्षा एक दात जास्त. सर म्हणायचे, चिन्ह एकच, दात कमीजास्त पडतात. बाई म्हणायच्या, दोन. यावर त्यांचं वर्षानुवर्षं वाजलं. शेवटी बाईंना एक मुद्रा सापडली, जिच्यावर दोन्ही कंगवे शेजारी शेजारी होते. एकच कारागीर, एकच मुद्रा, मग एकच चिन्ह तो मुद्दाम दोन तऱ्हांनी का कोरेल? सरांनी मान्य केलं आणि आपलं टिपण मागे घेतलं. बाईंचा त्यावरचा लेख छापून आला. हे सगळं त्या मला मोठ्या आनंदाने सांगत. सरांना हरवल्याचा आनंद त्यांना लपवता यायचा नाही.

मग पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्याच मुद्रेचा नवा, स्वच्छ फोटो ईमेलने पाठवला. मी तो पडद्यावर मोठा केला. बाई पुढे झुकल्या.

"अजून मोठा कर."

मी केला. जास्तीचा दात खाली चिन्हाबाहेर जात होता, तिथून थेट मुद्रेच्या काठापर्यंत. तो दात नव्हताच. दगडाला तडा गेला होता.

मी चहा मागवला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोन्ही एक कर."

"बाई, आजच?"

"मग कधी? चूक आहे ती." थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर बरोबर होते गं. मी त्यांना उगाच हो म्हणायला लावलं."

पुढच्याच आठवड्यात धुळ्याला त्यांचं व्याख्यान होतं, तेही याच विषयावर. मी म्हटलं, तब्येतीचं कारण सांगा, पुढे ढकला. त्यांनी ऐकलं नाही. मीच सोबत गेले.

सभागृहात बऱ्यापैकी लोक होते. बाईंनी आधी जुना फोटो दाखवला, मग नवा. "माझा लेख या तड्यावर उभा होता," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हे एका माणसाला आधीच कळलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. आता ते नाहीत, म्हणून तुमच्यासमोर सांगते." आवाज वर्गात शिकवतानाचाच होता. हात मात्र टेबलाची कड धरून होता.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. तेवढ्यात मागून एक आबा उठले. "बाई, बठ्ठं खरं शे. पन त्यामा लिखेल काय शे?"

सगळं खरं, पण लिहिलंय काय, एवढंच त्यांना हवं होतं. बाई शिंदखेड्याकडच्या. त्याही अहिराणीत म्हणाल्या, "ते आजून कोनलेच वाचता उनं नही, आबा. मालेबी नही."

आबा खो खो हसले, त्यांच्यामागून सभागृहही हसलं, आणि बाईसुद्धा. परतताना बसमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि जळगाव येईपर्यंत झोपल्या.

त्या एका दातामुळे बरीच चिन्हं पुन्हा तपासावी लागणार होती. बाईंनी तक्ता पहिल्यापासून काढायला घेतला. निम्माही झाला नव्हता. हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. प्राध्यापकांनी फोन करून तक्ता आहे तसाच मागवला. मी पाठवला, शंकेसकट.

काही दिवसांनी बाईंची मुलगी दुकानात आली. "आई इथे नक्की काय करायची, ते बघायचं होतं." मी फाइल उघडली. कंगव्याचं चिन्ह पडद्यावर आलं, तशी ती एकदम हसली आणि मग डोळे पुसू लागली.

"हा कंगवा होय! लहानपणी आम्हाला वाटायचं, आई-बाबा घरातल्या कंगव्यावरून भांडतात. दात आहे, दात नाही. मला इतकं वाईट वाटायचं, की एकदा यात्रेतून मी नवा कंगवा आणला आणि दोघांच्या मध्ये नेऊन ठेवला."

"मग?"

"मग काय. दोघांनी आधी त्याचे दात मोजले."