खाकी कव्हरातली फाइल

टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या दोन केमो झाल्या होत्या. म्हणजे मास्क लावणं, घडीघडी हात धुणं, घरात कोणाला येऊ न देणं, हे सगळं मी महिनाभर आधीच सुरू केलेलं. मला डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच मग टीव्हीवरून सगळ्या देशाला सांगायला लागले. शेजारीण गच्चीवरून म्हणाली, काय हे जगणं आलं नशिबी. मी म्हटलं, हो ना.

खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं. आमच्या धुळ्याच्या देवपुरात आजारी माणसाला भेटायला येणारे शहाळं आणतात आणि त्याच आजारानं कोण कोण गेलं याची यादीही आणतात. ते येणं थांबलं. केस गेले होते, पण डोक्यावर पदर होता, आणि तोंडाला फडकं तर गल्लीत सगळ्यांच्याच. नवरा दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायचा, मेथीची जुडी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी चहाचा कप विसळला नव्हता.

अडचण एकच होती. केमो जळगावला, दर एकविसाव्या दिवशी. तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. गाठ मोठी होती, आधी ती आकसली तरच ऑपरेशन. आणि जिल्ह्याची हद्द बंद. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, तोंड तेवढं चालतं. मग माझा धाकटा भाऊ पुढे झाला. तो दोंडाईच्याजवळ गावी शेती करतो, त्याची भाजीपाल्याची पिकअप आहे, काचेवर 'अत्यावश्यक सेवा' लिहिलेली. पहाटे चारला उठून तो मला घ्यायला यायचा. मागे मिरच्यांची पोती, पुढे मी. तिसरी केमो अशीच झाली, नाक्यावर कोणी काही विचारलं नाही.

आता, आमच्या घरात या आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो घरात शिरतो म्हणे. माझ्या बाबतीत तो शिरून पाय पसरून बसला होता, तरीही नाही. नवरा 'ते' म्हणायचा, जाऊबाई 'तसलं' म्हणायच्या. भावानं तर कहरच केला. दवाखान्याच्या फाइलीवर ते नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं, तर शाळेच्या वहीला घालतात तसं त्यानं तिला खाकी कव्हर घातलं आणि वर स्टिकर चिकटवून माझं नाव लिहिलं. इयत्ता तेवढी लिहायची राहिली.

चौथी केमो नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, भाऊ न्यायला येतो. पारोळ्याच्या अलीकडे, हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली. भाजी जळगावला कशी काय, आणि सोबत बाई कशाला, असं त्यानं विचारलं. फाइल माझ्या मांडीवर होती. भावानं ती उचलली, हळूच सीटखाली सरकवली आणि सांगितलं, बहीण आहे, आखाजीला माहेरी नेतोय.

पोलीस आमच्याच भागातला असावा. त्यानं आवाजही चढवला नाही. यंदा आखाजी घरीच करा म्हणाला, फिरवा गाडी. भाऊ 'बरं साहेब' म्हणाला आणि त्यानं खरोखर रिव्हर्स टाकला.

मी बघतच राहिले. गाडी दहा-बारा फूट मागे गेली. हा माझा सख्खा भाऊ मला परत देवपूरला नेऊन सोडील, तारीख चुकू देईल, पण तेवढा एक शब्द तोंडातून काढणार नाही, हे मला तेव्हा कळलं. माझं डोकंच फिरलं. काच खाली करून मी पोलिसाला हाक मारली.

"साहेब, मला कॅन्सर आहे. आज इंजेक्शनची तारीख आहे. याला सांगायची लाज वाटते."

पोलीस दोन पावलं मागे सरकला. करोनाच्या नाक्यावर दिवसभर माणसांत उभा राहणारा माणूस तो. मग तिथूनच त्यानं हात केला, जा. फाइल बघायलासुद्धा मागितली नाही.

पुढे एरंडोलपर्यंत मी भावाला घेतलं फैलावर. शिकलेला ना तू, माझ्या जिवापेक्षा तुझी भीड मोठी का, मी मेले असते तर तेराव्याला काय सांगणार होतास, असलं बरंच काही. एरंडोल मागे पडल्यावर त्यानं गाडी एका निंबाच्या सावलीला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते.

"अक्का, मायले बी हाईच व्हतं. डॉक्टरनी माले सांगं. मी कोनलेच सांगं नही."

माय जाऊन नऊ वर्षं झाली. मला कावीळ म्हणून सांगितलं होतं. धुळ्याला दाखवून परत जाताना मायनं त्याला विचारलं होतं, काय म्हणाला डॉक्टर. उष्णतेची गाठ आहे, असं यानं सांगितलं. खरं कळलं तर ती खचेल, असं त्याला वाटलं. माय खूश झाली. उष्णतेवर रोज सकाळी चमचाभर गुलकंद खात राहिली, शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्यातल्या दोन बरण्या मी केलेल्या होत्या.

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो रडत होता, म्हणून जवळ घ्यावंसंही वाटलं, पण मला कोणाच्याही जवळ जायची बंदी होती. मी पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. सलाइन लावल्यावर डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मी सांगितलं की माझ्या आईलाही हाच आजार होता. त्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, मुली किती? म्हटलं, एकच, पुण्यात नोकरीला आहे, सत्तावीस वर्षांची. मग तिचीही तपासणी आतापासून करायला हवी, त्या म्हणाल्या, तिला तुमचं सगळं माहीत आहे ना?

मी हो म्हणाले. तिला काही माहीत नव्हतं. साधी गाठ आहे, गोळ्या चालू आहेत, एवढंच मी सांगून ठेवलेलं. घाबरेल, बंदीत धावत यायला बघेल, कशाला उगाच. व्हिडिओ कॉल आला की मी नेट नाही म्हणून बंद करायचे. एरंडोलपर्यंत भावाला काय काय बोलले ते सगळं मला एकेक करून आठवलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

एका हाताला सुई होती, दुसऱ्या हातानं फोन लावला. तिनं लगेच उचलला. आई, आवाज असा का येतोय, म्हणाली. ऊन फार आहे गं, उष्णता झालीय, असं तोंडात आलंच होतं.

"आधी खाली बस," मी म्हटलं. आणि नाव सांगितलं.