एकाच शिळेचे कौल

या फेसबुक पानावरचे लोकांचे गूढ अनुभव मी आजवर वाचायचे ते निव्वळ गंमत म्हणून. मी पेणला एका शाळेत विज्ञान शिकवते, रामवाडीत खोली घेऊन राहते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच – तेही दादामुळे. त्याने दहावीनंतर शिक्षण सोडून रोह्याला कंपनीत काम धरलं, म्हणून मी शिकू शकले. अंगात येणं, नजर लागणं, कौल... यातलं काही मला कधी पटलं नाही. आजही पटत नाही. म्हणून तर हे लिहायला इतका वेळ लागला.

आमचं गाव खांबजवळ, हायवेपासून आत. दादा एका सकाळी फर्स्ट शिफ्टला निघाला तो कंपनीत पोहोचलाच नाही. बाईक रोहा स्टेशनबाहेर मिळाली, नीट लॉक केलेली. पोलीस झाले, दवाखाने झाले... दोन वर्षं उलटून गेली.

बाबांचा सगळा भरवसा ग्रामदेवीवर. पोरगा जिवंत आहे असं देवी सांगते, म्हणून ते रोज त्याचं ताट वाढायला लावायचे. वहिनी मात्र माहेरी रोह्याला गेली की येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली होती. तिथे एकदा प्रभूने तिला सांगितलं – तुझा नवरा माझ्याजवळ आहे, सुखात आहे. त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं. मंगळसूत्र उतरवून, मुलीला घेऊन माहेरी राहायचं आणि नोकरी धरायची, असं तिने ठरवलं.

"जित्या माणसाची बायको रांडाव होऊन फिरनार?" बाबा ओरडायचे. मी मध्ये पडले की माझ्यावर घसरायचे, "गो मास्तरीण, तुज्या पुस्तकात लिवलंय का तो कुठं हाय? नाय ना? मग गप ऱ्हा."

शेवटी तोड बाबांनीच काढली. "देवीला कौल लावू. उजवी कळी पडली तर तो जिता हाय, ही थांबंल. डावी पडली तर मी सोता त्याचा पुतळा करून जाळीन, दिवस घालीन."

वहिनी हसली. "चला की. माझा देव काय देवळाभायेर चपला सांभाळत बसत नाय."

सकाळची वेळ होती, गाभाऱ्यात चांगला उजेड होता. गुरवकाकांनी देवीच्या शिळेला दोन्ही बाजूंनी तगरीची एकेक ओली कळी चिकटवली, डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही तिघं अगदी समोर बसलो होतो. थोड्या वेळाने बाबा आणि वहिनी एकदमच बोलले.

"उजवी! दिली गो, आयेनं दिली!"

"डावी पडली," वहिनी शांतपणे म्हणाली.

मी डोळे चोळून पाहिलं. दोन्ही कळ्या जागच्या जागी होत्या.

"बाबा, अजून एकपण नाय पडली."

"आंधळी झालीस काय गो?"

दोघांनी माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं. तेवढ्यापुरते ते दोघं एका बाजूला होते... आणि मी एकटी दुसरीकडे.

गुरवकाकांनी डोळे उघडले आणि कपाळाला हात लावला. "दोनी खाली हायत. ह्यो कौल नाय व्हयचा. परत लावायला पायजे."

"परत कशाला?" दोघंही म्हणाले.

मी मोबाईलवर फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी शिळेच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं – "ही बघ, रिकामी." वहिनीने डाव्या बाजूवर ठेवलं – "हितं कुठं हाय कळी?" त्यांनी बोटं उचलली. मला दोन्हीकडे कळ्या दिसत होत्या.

ज्याला जे हवं तेच त्याला दिसतं, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण मग मला काय हवं होतं? आणि गुरवकाकांना? त्यांचं तर यात काहीच नव्हतं... तो फोटो मी शाळेत कुणाला दाखवला नाही. दाखवायची हिंमत होत नाही.

त्याच आठवड्यात वहिनी मुलीला घेऊन निघाली. मला वाटलं होतं भांडण होईल, शिव्या होतील. काहीच झालं नाही.

"तुमच्यासाठी प्रार्थना करीन, बाबा," ती म्हणाली.

"मी पन देवीला सांगीन, तुला माफ कर म्हनून."

दोघांच्या डोळ्यांत एकमेकांबद्दल खरीखुरी दया होती. भांडण परवडलं असतं. भांडण मिटतं तरी.

आता बाबा दादाचं ताट स्वतः वाढतात. वहिनीने रोह्याला त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना ठेवली, मलाही बोलावलं. मी गेले नाही. बाबा नातीचं नाव काढत नाहीत. दोघांनाही शांत झोप लागते म्हणे. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. वहिनीसुद्धा नाही.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही. कधीतरी दादासाठी हात जोडून बसते. मग कळतच नाही, काय मागायचं. परत ये म्हणू... की जिथे असशील तिथे शांत राहा म्हणू? एक म्हणावं तर दुसरं खोटं ठरतं. शेवटी काहीच न मागता उठते.