वेगळं झाल्याची तारीख

एकोणतीस वर्षं एका पुरुषाबरोबर राहिलेल्या, पण त्याच्याशी लग्न न केलेल्या बाईला तुम्ही काय म्हणता? खरं सांगा. तोंडावर नव्हे, पाठीमागं. जे म्हणत असाल ते हेल्वी रान्तालानं ऐकून झालंय, आणि ज्या बाईनं ते ऐकवलं तिचंच अंथरूण तिनं पुढं अकरा वर्षं बदललंय. तेव्हा तुमच्या शब्दांनी तिला काही होणार नाही.

थंडर बे शहराच्या उत्तरेला फिन लोकांच्या जुन्या वस्त्या आहेत. आजे-पणजे समुद्र ओलांडून लाकूड तोडायला आले आणि तिथलेच झाले. त्यांच्यात पहिल्यापासून दोन तट, एक चर्चवाल्यांचा आणि एक लाल झेंडेवाल्यांचा. हेल्वी लाल घरातली. तिच्या आजी-आजोबांनी संपाच्या हॉलमध्ये हातात हात घेतला आणि घरी जाऊन चूल मांडली. आई-बापानंही तेच केलं. पाद्र्यापुढं किंवा सरकारी बाबूपुढं उभं राहून ‘हा माझा’ म्हणणं त्या घरात कमीपणाचं होतं.

आर्वो चर्चवाल्यांचा. कागदाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. हेल्वी त्याच्या घरी राहायला आली त्या आठवड्यात त्याच्या आईनं विचारलं, “मग पाद्र्याला कधी बोलवायचं?”

“आमच्यात मेलेल्याला पुरायलासुद्धा पाद्री बोलवत नाहीत,” हेल्वी म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

या उत्तरावर अर्धी वस्ती वर्षभर हसली. बाकीच्या अर्ध्या वस्तीनं तिला जी नावं ठेवली ती इथं लिहीत नाही. हेल्वीची मान मात्र ताठ राहिली.

घर आर्वोच्या बापाचं, म्हणून आर्वोच्या नावावर. छपराचा पत्रा हेल्वीनं ठोकला. तळ्याकाठचा सौना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली, दोघांनी मिळून बांधला, ओंडके त्यानं आणले, खाचा हिनं पाडल्या. शहरात एका खानावळीत तिची चांगली नोकरी होती, पगारातून पेन्शनचा हप्ता कापला जायचा. मग आर्वोची आई अंथरुणाला खिळली. घरी कोण थांबणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. हेल्वीनं एप्रन घडी करून परत केला. त्यानंतर तिच्या नावावर एक हप्ता भरला गेला नाही, आर्वोच्या नावावर मात्र दर महिन्याला भरला जात होता, कारखान्याचाही आणि सरकारचाही.

आई गेली, आर्वो निवृत्त झाला आणि एका नोव्हेंबरात त्यानं कपडे गाडीत टाकले. भांडण नाही, दुसरी बाई नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “मला शहरात बरं वाटतं.” हेल्वी म्हणाली, “बरं.” ही माणसं अशीच. एकोणतीस वर्षांचा संसार पाच शब्दांत मोडला.

मोडला असं वाटलं खरं, पण शनिवारी आर्वो आला. शनिवार म्हणजे सौना. त्या लोकांत जेवण चुकेल पण शनिवारचा सौना चुकत नाही. आल्याबरोबर त्यानं लाकडं फोडली. हेल्वीनं दगड तापवले. दोघं फळीवर शेजारी शेजारी बसले, दगडांवर पाणी मारलं, वाफ घेतली, तळ्यात बुडी मारून आले. मग स्वयंपाकघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. आठ वाजता तो उठला आणि गाडी घेऊन शहरात गेला. पुढच्या शनिवारी परत हजर.

असे जवळजवळ चार वर्षांचे शनिवार गेले. कुणी विचारलं तर हेल्वी म्हणायची, “आर्वो शहरात असतो.” कुठल्यातरी कामासाठी असावा अशा सुरात. निवृत्त माणसाला शहरात काय काम, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. उरलेले सहा दिवस ती कुणाशी बोलायची म्हणाल, तर रेडिओशी. बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायची.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कॉफीत पाव बुडवत आर्वो म्हणाला, “घर विकावं म्हणतो. वसंतात एक माणूस बघायला येईल.”

हेल्वीनं त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

सोमवारी तिनं सिर्काला गाठलं. सिर्का तिची बालमैत्रीण, लाल घरातलीच, जन्मभर कामगार युनियनच्या ऑफिसात काढलेली. आवाज असा की बर्फ पडायचा थांबावा.

“विकतोय? आणि तू काय म्हणालीस?”

“कॉफी दिली.”

“कॉफी दिलीस! वा! उद्या तो तुला गाडीत घालून बेघरांच्या निवाऱ्यात सोडेल, तेव्हा त्याला पाव बांधून दे.”

तिनं हेल्वीला तशीच फुकट कायदा सल्ला केंद्रात नेली. तिथली वकील पोरगी प्रिसिला हुशार होती, पण तिलाही गोड बातमी देता येईना. लग्न झालेलं असतं तर घरात अर्धा वाटा सरळ मिळाला असता. बिनलग्नाच्या जोडप्याला त्या प्रांतात तो हक्क नाही. घर तुमच्या कष्टांवर टिकलं हे कोर्टात सिद्ध करा, मग बघू. कारखान्याच्या पेन्शनचंही तसंच, तो राजी झाला तर ठीक, नाहीतर कोर्ट.

“म्हणजे अकरा वर्षं मी त्याच्या आईचं केलं, ते कशात धरायचं?”

“एक गोष्ट आहे,” प्रिसिला म्हणाली. “सरकारी पेन्शन. एकत्र राहिलात त्या वर्षांचं जे दोघांच्या नावावर जमलं, ते एकत्र करून निम्मं निम्मं होतं. लग्न असो नसो. फक्त अर्ज वेगळं झाल्यापासून चार वर्षांच्या आत करायचा. त्यानंतर करायचा तर आर्वोंचीही लेखी संमती लागते. तुम्ही वेगळे कधी झालात?”

“झालोच नाही.”

“अगं, तो शहरात राहतो!” सिर्का ओरडली.

“शनिवारी येतो.”

“झोपायला थांबतात का?” प्रिसिलानं हळूच विचारलं.

“नाही.”

“मग निघून गेले तो दिवस आठवतो?”

“नाही आठवत,” हेल्वी म्हणाली. सिर्कानं बोटं मोजली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता एवढं तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे चार वर्षं भरायला दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

अर्ज घरी आला आणि टेबलावर पडून राहिला. नाव लिहून झालं, पत्ता लिहून झाला, तारखेचा रकाना कोरा. तारीख लिहिली की सरकारचं पत्र आर्वोकडं जाणार हे प्रिसिलानं सांगितलंच होतं. पण हेल्वीला त्या पत्राची भीती नव्हती. ती तारीख एकदा लिहिली की त्या दिवसानंतरचे सगळे शनिवार पाहुण्याचे होते, हे तिला स्वतःच्या हातानं कबूल करावं लागणार होतं. आणि तो पाहुणा मग येणारही नाही. म्हातारपणाची भाकरी पाहिजे तर एवढी एक संध्याकाळ सोडायची. सिर्काला हे कसं सांगणार? सिर्का म्हणाली असती, कुत्रा पाळ.

शनिवारी आर्वो आला. सौनात कुणी भांडण नेत नाही, ही त्या लोकांची रीत, म्हणून हेल्वी तिथं गप्प बसली. तो म्हणाला, “दगड फुटायला लागलेत, बदलायला हवेत.” ती म्हणाली, “हो.” कॉफीच्या वेळी मात्र तिनं अर्ज त्याच्यापुढं सरकवला.

“हे काय?”

“आपण वेगळे झाल्याचा कागद. तुझी सरकारी पेन्शन निम्मी होईल.”

आर्वोनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “वेगळे कुठं झालोय? मी दर शनिवारी येतो की.”

आणि हे तो मनापासून म्हणाला. लबाड असता तर बरं झालं असतं.

“आर्वो, तुझी उशी कुठंय?”

त्यानं चष्म्याच्या काड्या मिटल्या.

“सांग ना. उशी कुठंय तुझी?”

“शहरात.”

“आणि हे घर विकल्यावर माझी कुठं असेल?”

“ती सिर्का तुझे कान भरते. माझ्या कमाईवर डोळा आहे तिचा!”

“तुझ्या कमाईवर? तू पाळीवर जात होतास तेव्हा तुझ्या आईला कूस कोण बदलून देत होतं? पाद्री?”

आर्वो उठला. कप अर्धा भरलेला, पाव तसाच. बाहेर गाडी सुरू व्हायला वेळ लागला. इंजिन बंद करून तो आत येईल असं एक क्षण हेल्वीला वाटलं. मग दिवे वळले आणि झाडांमागं गेले.

तिनं पेन घेतलं. ७ नोव्हेंबर. कॅलेंडर बघावं लागलं नाही, बोटं मोजावी लागली नाहीत. चार वर्षांत एक दिवससुद्धा ती ही तारीख विसरली नव्हती.

सोमवारी सिर्कानं अर्ज स्वतः नेऊन दिला, वेळेत. मैत्रिणी जमल्या, केक कापला, कुणी हेल्वीच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, आता घराचंही बघू, सोडायचं नाही त्याला. प्रिसिलानं घरासाठी वकील शोधून दिला, तो दावा अजून चालू आहे आणि घर अजून विकलं गेलेलं नाही. सरकारचं पत्रही आलं. पेन्शनची वर्षं वाटली गेली. हेल्वीच्या नावावर आता तिची अशी भाकरी आहे, कुणाच्या मेहेरबानीची नाही.

पण त्या केकनंतरचा शनिवार कुणाच्या ध्यानात नव्हता. हेल्वीनं सवयीनं लाकडं फोडली, दगड तापवले आणि फळीवर एकटी बसली. एका माणसासाठीही लाकूड तेवढंच लागतं. पाठीला साबण लावायला हात पोचेना. बराच वेळ खटपट केली, मग तिथंच साबण हातात धरून बसून राहिली, वाफ विरून दगड थंड पडेपर्यंत. सिर्का त्या वेळी घरी टीव्ही बघत होती, मोहीम फत्ते झाली म्हणून खुशीत.

तुमच्या ओळखीतही अशी बाई असेल. तिचा अर्ज भरून द्या, तारीख लिहायला लावा, ऑफिसात भांडायचं तर भांडा, अंगात दम असेल तेवढं भांडा. पण एवढं ऐका. कागद दिला की काम झालं समजून घरी जाऊ नका. पहिल्या शनिवारी तिच्याकडं जा, आणि बोलावलं नसलं तरी तिच्याशेजारी जाऊन बसा.