घरगाडीच्या पोटातली ऊब

अमेरिकेतल्या मोंटानातली बर्फाळ सकाळ. ओळीने उभ्या घरगाड्या, आणि त्यातल्या एकीखालून बाहेर आलेले फक्त दोन बूट.

ते बूट व्हर्नाचे. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली ही बाई नवरा हॅल्वर गेल्यावर घर विकून या गाडीत राहायला आली. गाडी हॅल्वरच्या जिवलग मित्राची, ऑर्विलची. त्यानेच ती आग्रहाने तिला विकली, आणि दर रविवारी तो तिच्यासोबत हॅल्वरच्या थडग्यावर जायचा. आत गाडी तापवणारी भट्टी अशी पेटायची की अंगात स्वेटर नकोसा व्हावा, तरी गाडीच्या तळातली पाण्याची टाकी या हिवाळ्यात तिसऱ्यांदा गोठली होती.

व्हर्नाने गाडीच्या पोटाचा पत्रा सोडवला. गरम हवा टाकीपर्यंत नेणारी नळी जागेवर होती, पण तिचं तोंड चंदेरी चिकटपट्टीने बंद केलेलं. पट्टीचं टोक नीट दुमडलेलं, पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून. अशी घडी घालणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

तो कॉफी घेऊन आलाच. "काय गं, गाडीखाली संसार थाटलास की काय?"

"ही पट्टी तुझी ना, ऑर्विल?"

त्याने कॉफी पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "तू गाडी बघायला आलीस, त्या दिवशी आत छान ऊब वाटावी म्हणून लावली होती. काढायची राहून गेली."

"आणि टाकी गोठली की म्हणायचास, बायकांना भट्टी कळत नाही."

"सरक, मी काढतो."

व्हर्नाने स्वतःच पट्टी ओरबाडली. नळीतून गरम वारा तिच्या तोंडावर आला.

"राहू दे. आणि रविवारी हॅल्वरच्या थडग्यावर मी एकटी जाईन."