जोडीतलं दुसरं माणूस

नाना गेल्याचा फोन धुळ्याहून आला, तेव्हा मी जळगावच्या घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच राहिली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी एसटीतला शेजारी माझ्या गालाकडे बघतच होता. नाना असते तर पोट धरून हसले असते… पण त्या दिवशी तेच नव्हते.

महिना झाला त्याला. नाना धुळ्याच्या देवपुरातले बांधकाम ठेकेदार, मी विम्याचा एजंट. ऐंशीच्या दशकात त्यांच्या एका तीनमजली कामावर आमची गाठ पडली. एजंट गिऱ्हाइकाच्या गळ्यात पॉलिसी मारतो म्हणतात. इथे गिऱ्हाईकच माझ्या मानगुटीवर बसलं. त्या वर्षी त्यांना एकच विमा झेपणार होता. मी सिमेंटच्या गोदामाचा सुचवला. शेजारी बसलेले दुसरे ठेकेदारही म्हणाले, "सिमेंटचाच उतरवा नाना. मजूर काय, रोज सकाळी चौकात उभे असतात."

नाना ताडकन उठले. "मग मजूर राहू दे चौकात, आणि तुझ्या सिमेंटला सांग भिंत बांधायला!" ठेकेदार चहा न पिताच गेले आणि विमा मजुरांचा ठरला.

पण खरी मेख पुढेच होती. आमच्याकडे बांधकामावर नवरा-बायको जोडीने येतात. जोडीची मजुरी एकत्र, ती नवऱ्याच्या हातात, आणि हजेरीत नावही नवऱ्याचंच. बाई दिवसभर घमेली वाहते, पण कागदावर ती नसतेच. उद्या ती बांबूच्या परांचीवरून पडली तर तिला भरपाई कोण देणार? नानांनी मला बजावलं, "अर्जात जोड्या लिहू नकोस. माणसं लिही. आणि आजपासून मजुरीही ज्याची त्याच्या हातात."

झालं, मजूर बिथरले. विम्यात नाव घालणं म्हणजे मरणाला आवतण, अशी त्यांची समजूत. मजुरी दोन हातांत जाणार, हेही पुरुषांना बोचत होतंच. हिलाल नावाचा गवंडी पुढे झाला, "जिता माणूसना मरनना कागद कसाले लिखतस, नाना?" नाना काही बोलणार, तेवढ्यात त्याची बायको भुराबाई घमेलं खाली ठेवून म्हणाली, "आजलगून मनं नाव कोन्हीच लिखं नही. मरनसाठे का व्हयेना, लिखी ल्या!" आपलंही नाव लिहा म्हणत तिच्यामागे बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. हिलालचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात परांचीचा दोर सुटला आणि पडली ती नेमकी भुराबाईच. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. विम्याच्या कचेरीतले साहेब ऐकेनात. "जोडीतली बाई स्वतंत्र मजूर कशी धरायची?" नाना हातातलं काम टाकून माझ्याबरोबर खेटे घालत राहिले. आवाज चढवायचे, मग बाहेर येऊन मलाच विचारायचे, "फार बोललो का रे?" शेवटी साहेब नमले. भरपाई मंजूर झाली. भुराबाई काठी टेकत कचेरीत आली, तर साहेब म्हणाले, "तिच्या नवऱ्याला पुढे करा."

नाना दारात आडवे उभे राहिले. "पडली ती, साहेब. नवरा नाही पडला."

भुराबाईने स्वतः अंगठा उठवला आणि चेक तिच्या हातात पडला. बाहेर येऊन नानांनी हिलाललाच जिलेबी भरवली. भुराबाईने पुढे म्हशी घेतल्या आणि हिलाल त्यांचा चारा कापू लागला. मी आयुष्यात पुष्कळ पॉलिसी विकल्या, पण छाती फुगली ती एवढ्या एकाच दिवशी.

परवा नानांच्या मुलाच्या कामावर गेलो होतो. एक नवी जोडी आली होती. मुकादमाने नाव विचारलं. नवऱ्याने आपलं सांगितलं आणि तो निघाला. मुकादम तसाच बसून राहिला. "आनि तिनं नाव?" नवरा मागे वळून तोंड उघडणार, तोच ती ठसक्यात म्हणाली, "मनं नाव मी सांगस. लिखा, कलाबाई."

मुकादमाने लिहिलं. नाना, जिंकलात तुम्ही.